विज्ञानपटातील पाणी आणि ताओविचार : अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

विज्ञानपटांवर, म्हणजे विज्ञानकथा सांगणाऱ्या चित्रपटांवर, लिहिलेल्या टिपणांत आणि चित्रपट मंडळांच्या चर्चांत एक चूक मला वारंवार आढळते. पडद्यावर पाऊस पडला, नदी वाहिली किंवा परग्रहावरचा समुद्र दिसला की लिहिणारा लगेच ताओविचाराचा (‘ताओ’ म्हणजे मार्ग) प्राचीन चिनी प्रवर्तक लाओत्से याचे नाव घेतो, ‘सर्वोच्च चांगुलपण पाण्यासारखे असते’ हे वाक्य देतो आणि विवेचन तिथेच संपवतो. या पद्धतीने कोणताही चित्रपट ताओवादी ठरवता येतो, आणि जी कसोटी प्रत्येकाला उत्तीर्ण करते तिला कसोटी म्हणता येत नाही. चुकीचे मूळ बहुतेक वेळा क्रमात असते, कारण निष्कर्ष आधी ठरतो आणि दृश्ये नंतर शोधली जातात. पुढे दिलेला क्रम हा दोष टाळण्यासाठी आहे. मुख्य उदाहरण म्हणून सोव्हिएत दिग्दर्शक आंद्रेई तारकोव्हस्की यांचा ‘स्टॉकर’ (१९७९) घेतला आहे, कारण त्यात पाणी जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहे आणि लाओत्सेचे शब्द त्यातील एक पात्र प्रत्यक्ष उच्चारते.

१. उतारे आधी निवडा, आणि मोजके निवडा

लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथात ८१ लहान प्रकरणे आहेत. ती सर्व डोक्यात घेऊन चित्रपटासमोर बसण्याची गरज नाही. पाण्याच्या संदर्भात पुढील प्रकरणे पुरेशी आहेत. आठव्या प्रकरणात पाणी सर्वांचे भले करते, कोणाशी झगडत नाही आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या सखल जागी जाऊन राहते. पंधराव्या प्रकरणात गढूळ पाणी स्थिर ठेवल्याने हळूहळू निवळते. सहासष्टाव्यात नद्या आणि समुद्र खाली राहतात म्हणून शेकडो ओढ्यांचे राजे होतात. अठ्ठ्याहत्तराव्यात पाण्याइतके मऊ काहीच नाही, तरी कठीणावर मात करण्यात त्याची बरोबरी कोणी करू शकत नाही. या चौघांच्या जोडीला शहात्तरावे प्रकरण घ्यावे. त्यात पाण्याचा उल्लेख नाही, परंतु जिवंत ते मऊ आणि मृत ते ताठ हा विचार आहे.

दुसरा प्राचीन ताओवादी विचारवंत च्वांगत्से याच्या ग्रंथातून दोन कथा घ्याव्यात. पहिली लूल्यांगच्या धबधब्याखाली पोहणाऱ्या माणसाची. भोवऱ्याबरोबर आत जावे, उसळीबरोबर बाहेर यावे, पाण्याच्या रीतीवर स्वतःची इच्छा लादू नये, असे तो सांगतो. दुसरी विज्ञानपटांच्या अभ्यासकाने कधीही वगळू नये अशी आहे. एक म्हातारा माळी विहिरीत उतरून घागरीने पाणी आणतो आणि बागेला घालतो. कन्फ्यूशियसचा शिष्य त्याला पाणी उपसण्याचे तरफेचे यंत्र सुचवतो. माळी उत्तर देतो की यंत्र आले की यंत्राची कामे येतात, आणि यंत्राची कामे आली की मनही यंत्राचे होते. तो पुढे म्हणतो, हे साधन मला ठाऊक नाही असे नाही, ते वापरण्याची मला लाज वाटते. पाणी, तंत्र आणि मन यांचा संबंध दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने मांडला गेला आहे, आणि तरीही विज्ञानपटांवरच्या लेखांत ही कथा क्वचितच येते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्येक उतारा किमान दोन वेगवेगळ्या भाषांतरांत वाचावा. मूळ चिनी वाक्ये इतकी आटोपशीर आहेत की एकाच ओळीची दोन भाषांतरे कधी कधी दोन वेगळी विधाने वाटतात.

खबरदारी : दोन संज्ञा मराठीत आणताना घसरण्याची शक्यता मोठी आहे. ‘वू वेई’ म्हणजे निष्क्रियता नव्हे, आणि प्रवाहपतित होणे तर नव्हेच. मराठीत प्रवाहपतित माणूस म्हणजे ज्याने आपले भान सोडले तो. लूल्यांगचा पोहणारा मात्र पूर्ण भानावर असतो आणि त्याचे कौशल्य वर्षानुवर्षांच्या सवयीतून आलेले असते. ओढूनताणून न करणे, बळजबरी न करणे हा अर्थ अधिक जवळचा आहे. दुसरी संज्ञा ‘त्झरान’. तिचे भाषांतर सर्रास ‘निसर्ग’ असे होते, आणि मग डोंगर, झाडे, पक्षी दिसले की ताओ सापडल्याचे समाधान मिळते. तिचा शब्दशः अर्थ ‘स्वतःहून तसे’ असा आहे. आपल्या भाषेत त्यासाठी ‘आपसूक’ हा फार चांगला शब्द आहे. चित्रपटात निसर्ग आहे का, हा प्रश्न बाजूला ठेवून आपसूक काय घडते आणि कोण ते घडू देत नाही, हा प्रश्न विचारावा.

२. चित्रपट नावावरून निवडू नका

जेम्स कॅमेरॉन यांच्या २०२२ सालच्या ‘अवतार : द वे ऑफ वॉटर’मध्ये मार्ग हा शब्द आहे, पाणी आहे, आणि समुद्र देतो व परत घेतो असे सांगणारे किनाऱ्यावरचे लोक आहेत. तरीही कथेची गाठ शेवटी पाठलाग, ओलीस आणि लढाई यांतूनच सुटते. कथेतील पेच पाण्याच्या रीतीने सुटतो की बळाने, हे पाहिल्याशिवाय चित्रपट अभ्यासाला घेऊ नये. लढाई असलेला चित्रपट वर्ज्य आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्यात ताओविचार सजावटीपुरता आहे की घटनांना दिशा देतो, हे आधीच विचारून घ्यावे.

३. आधी फक्त नोंद करा

आता उतारे बाजूला ठेवून चित्रपट सलग पाहावा, आणि दुसऱ्या वेळी वही घेऊन बसावे. पाणी दिसणाऱ्या किंवा ऐकू येणाऱ्या प्रत्येक दृश्यासमोर पाच गोष्टी लिहाव्यात : पाणी साचलेले आहे, वाहते आहे की पडते आहे, त्याचा आवाज कसा आहे, त्यात किंवा त्याखाली काय आहे, त्याला कोण स्पर्श करतो, आणि पाण्यामुळे पात्राचा बेत बदलतो का. ‘शांत’, ‘गूढ’, ‘पवित्र’ ही विशेषणे या वहीत लिहू नयेत. ती पाहणाऱ्याच्या मनातली असतात, आणि एकदा कागदावर उतरली की पुढे पुरावा म्हणून वावरू लागतात.

आवाजाचा रकाना बहुतेक जण रिकामा ठेवतात. ‘स्टॉकर’मध्ये थेंबांचा आवाज पाणी दिसत नसतानाही चालू राहतो, त्यामुळे केवळ डोळ्यांनी केलेली नोंद अर्धीच राहते. एकदा पडद्याकडे पाठ करून काही प्रसंग नुसते ऐकावेत.

पडताळणी : चित्रपट न पाहिलेल्या माणसाला वही वाचून दाखवा. प्रत्येक दृश्यात काय घडते हे त्याला कळले पाहिजे आणि त्याचा अर्थ काय, हे कळता कामा नये. अर्थ कळत असेल तर नोंदीत विशेषणे शिरली आहेत.

४. नामे सोडा, क्रियापदे उचला

नोंदीतून पाण्याने काय केले, हे सांगणारी क्रियापदे वेगळी काढावीत : निवळते, झिरपते, अडवते, बुडवते, सामावून घेते, झिजवते, प्रतिबिंब देते. ‘पाणी’ हे नाम सर्व संस्कृतींत सापडते आणि बाप्तिस्म्यात, तर्पणात, प्रलयाच्या कथांतही असते. ताओविचाराची ओळख पाण्याच्या विशिष्ट वागण्यात आहे, म्हणजे खाली जाण्यात, न झगडण्यात, स्थिर राहून निवळण्यात आणि मऊपणाने टिकण्यात.

‘स्टॉकर’च्या बाबतीत ही यादी काय देते ते पाहू. तीन माणसे, म्हणजे वाटाड्या, लेखक आणि प्राध्यापक, निषिद्ध प्रदेशातील एका खोलीकडे निघतात. तिथे माणसाची सर्वांत खोलवरची इच्छा पुरी होते असे सांगितले जाते. खोली नजरेच्या टप्प्यात असूनही सरळ जाता येत नाही. वाटाड्या कापडाची पट्टी बांधलेले लोखंडी नट पुढे फेकतो, ते जिथे पडतील तिथवर जातो आणि पुन्हा फेकतो. लेखक हट्टाने सरळ चालू लागतो तेव्हा एक आवाज त्याला थांबवतो. ‘सुका बोगदा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी पाण्याचा लोंढा कोसळत असतो. पिशवी आणायला मागे गेलेला प्राध्यापक इतर दोघांच्या आधीच पुढे पोहोचलेला सापडतो. शेवटी प्राध्यापक आपल्याजवळचा बॉम्ब सुटा करून त्याचे भाग पाण्यात टाकतो. तिघे उंबरठ्यावर बसून राहतात, कोणीही आत जात नाही, आणि खोलीत पाऊस पडून थांबतो.

यातून निघणारी क्रियापदे स्पष्ट आहेत. सरळ जाणे अडते, वळसा पोहोचवतो, पाणी शस्त्र सामावून घेते. अशी यादी हाती आल्यावरच पुढच्या टप्प्याकडे वळावे.

५. एका दृश्याला एकच उतारा जोडा

जोडणी करताना एका दृश्यापुढे एकच उतारा ठेवावा आणि दोघांत समान असलेले क्रियापद अधोरेखित करावे. समान क्रियापद सापडले नाही तर जोडी सोडून द्यावी, मग दृश्य कितीही सुंदर असो.

‘स्टॉकर’मधील सर्वांत भक्कम जोडी शब्दांची आहे. वाटेत वाटाड्याचे मनोगत ऐकू येते : जन्मताना माणूस दुबळा आणि लवचिक असतो, मरताना ताठ आणि कठीण, वाढणारे झाड कोवळे असते, वाळून कडक झाले की ते मरते, जे कठीण झाले ते जिंकणार नाही. हे ‘ताओ ते चिंग’चे शहात्तरावे प्रकरण आहे, त्यात शंका नाही. पण ते कोणत्या स्वरात येते, याकडेही तितकेच लक्ष द्यावे. त्याआधी वाटाड्या आपल्या दोन सोबत्यांसाठी मागणे मागत असतो की त्यांना विश्वास वाटो, ते लहान मुलांसारखे असहाय होवोत. लाओत्सेचा आशय इथे प्रार्थनेच्या रूपात आला आहे, आणि लाओत्सेच्या ग्रंथात प्रार्थना नाही. हा फरक लेखात यायलाच हवा, कारण या चित्रपटाचे वेगळेपण नेमके त्याच सांध्यावर आहे.

दुसरी जोडी बॉम्बची. आठव्या प्रकरणातील पाणी नकोशा जागी राहते, आणि चित्रपटातील पाणी नकोशी वस्तू स्वीकारते. नंतर त्या भागांवरून मासे फिरतात आणि पाण्यावर काळा तवंग पसरतो. ही जोडी मला मान्य आहे, तरी ती पहिल्या जोडीपेक्षा कमकुवत आहे हे लेखात लपवू नये. तवंग पसरणारे पाणी सर्वांचे भले करणारे पाणी राहिले आहे का, हा प्रश्न वाचकापुढे उघडा ठेवावा.

खबरदारी : चित्रीकरणाच्या हकिकती अर्थाचा पुरावा म्हणून वापरू नयेत. ‘स्टॉकर’चा मोठा भाग एस्टोनियात टालिनजवळ चित्रित झाला. तिथल्या नदीत कारखान्याचे सांडपाणी येत होते, असे चित्रणात सहभागी असलेल्यांनी नंतर सांगितले आहे. ही माहिती महत्त्वाची आणि वेदनादायक आहे, परंतु तिच्यावरून पडद्यावरील पाण्याचा तत्त्वज्ञानात्मक अर्थ ठरत नाही.

६. आपल्या मताविरुद्धचा पुरावा शोधा

हा टप्पा जवळजवळ सर्व जण गाळतात, म्हणून त्यासाठी दृश्य जोडण्याइतकाच वेळ राखून ठेवावा. ‘स्टॉकर’मध्ये कॅमेरा उथळ पाण्यावरून संथपणे सरकतो आणि तळाशी सिरिंज, नाणी, पिस्तूल, कॅलेंडरचे पान आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे चित्र दिसते. त्याच सुमारास एका स्त्रीच्या आवाजात बायबलच्या प्रकटीकरणातील उतारा ऐकू येतो. इथे पाण्याचा संदर्भ उघडपणे ख्रिस्ती आहे. या प्रसंगाला लाओत्सेची ओळ डकवणे म्हणजे दिग्दर्शकाने समोर ठेवलेला पुरावा नाकारणे होय.

दुसरा विरोध अधिक खोल आहे. वाटाड्याच्या मते निषिद्ध प्रदेश आदर मागतो आणि तो न मिळाल्यास शिक्षा करतो. ‘ताओ ते चिंग’च्या पाचव्या प्रकरणात आकाश आणि पृथ्वी कोणावर माया करत नाहीत, सर्व वस्तू त्यांच्या लेखी यज्ञासाठी केलेल्या गवताच्या कुत्र्यांसारख्या असतात. शिक्षा करणारा प्रदेश आणि पक्षपात न करणारे विश्व यांचा मेळ बसत नाही. मात्र प्रदेश तसा आहे हे वाटाड्याचे म्हणणे आहे, आणि पडद्यावर प्रदेश कोणाला ठळकपणे शिक्षा करताना दिसत नाही. पात्राचे मत आणि चित्रपटाने दाखवलेली घटना यांत भेद केला की विरोध काहीसा सौम्य होतो, नाहीसा होत नाही.

तारकोव्हस्की यांचाच ‘सोलारिस’ (१९७२) या सरावासाठी उत्तम आहे. सुरुवातीला ओढ्याच्या पाण्यात डोलणाऱ्या वनस्पती आहेत, नंतर एक विचार करणारा महासागर आहे, आणि बहुतेक वाचक दोन्हींना एकाच ताओच्या खात्यावर टाकतात. महासागरावर क्ष-किरणांचा मारा केल्यानंतर अंतराळस्थानकावर ‘पाहुणे’ येऊ लागतात, ही घटना बळजबरीविषयीच्या ताओविचाराशी खरोखर जुळते. पण च्वांगत्सेच्या मते थोर पुरुषाचे मन आरशासारखे असते. ते प्रतिसाद देते, साठवत मात्र नाही. सोलारिसचा महासागर माणसाच्या स्मृती उचलतो, त्यांना देह देतो आणि नायकाच्या मृत पत्नीला पुन्हा पुन्हा परत पाठवतो. हा आरसा साठवणारा आहे. म्हणून ओढ्याचे पाणी आणि महासागर यांवर दोन स्वतंत्र परिच्छेद लिहावेत.

पडताळणी : विरोधी पुराव्याची किमान दोन दृश्ये हाती नसतील तर चित्रपट पुन्हा पाहा.

७. निसर्गाविषयीचे विधान घटनेवर उभे करा

चित्रपट ‘निसर्गाशी सुसंवाद’ सांगतो, असे वाक्य लेखात येत असेल तर ते खोडून त्याच्या जागी एक घटना लिहावी. जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या ‘नौसिका’ या अ‍ॅनिमेशनपटात (१९८४) विषारी अरण्य पसरत असते आणि लोक ते जाळून टाकण्यासाठी जुने महाकाय अस्त्र जागे करतात. नायिकेने मात्र खोल विहिरीचे स्वच्छ पाणी घालून त्याच वनस्पती वाढवून पाहिलेल्या असतात आणि त्या विषारी नसतात. पुढे ती अरण्याच्या तळाशी पोहोचते तेव्हा दिसते की झाडांनी जमिनीतले विष शोषून घेतले आहे आणि खाली स्वच्छ पाणी व वाळू आहे. पंधराव्या प्रकरणातील निवळणाऱ्या पाण्याला याहून जवळचे दृश्य मला विज्ञानपटांत माहीत नाही. वेळेआधी जागे केलेले अस्त्र स्वतःच वितळून कोसळते. तरी शेवटी भविष्यवाणीतील तारणहार म्हणून नायिका अवतरते, आणि हा धागा लाओत्सेकडून आलेला नाही.

अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या १९७१ सालच्या कादंबरीवरून अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी १९८० साली ‘द लेद ऑफ हेवन’ हा चित्रपट झाला. त्यात एका माणसाची स्वप्ने वास्तव बदलतात आणि त्याचा डॉक्टर जग सुधारण्यासाठी ती स्वप्ने वापरू लागतो. लोकसंख्येची अडचण सोडवायला सांगताच महामारी येते. वंशभेद मिटवायला सांगताच सर्व माणसे करडी होतात. बळजबरीने केलेल्या सुधारणेवर ताओविचार काय म्हणेल, हे इथे प्रत्येक वळणावर घटनेतूनच कळते. एक सावधगिरी घ्यावी : शीर्षकातील ‘स्वर्गाचे लेथयंत्र’ च्वांगत्सेच्या तेविसाव्या प्रकरणाच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातून आले, आणि च्वांगत्सेच्या काळी चीनमध्ये लेथ नव्हते हे पुढे लेखिकेनेही मान्य केले. शीर्षकातील प्रतिमेवर संपूर्ण युक्तिवाद उभारणारे लेख त्यामुळे भाषांतराच्या चुकीवर उभे राहतात.

८. तुकोबांचा आधार घ्या, पण योग्य जागी

शहात्तरावे प्रकरण वाचताना मराठी वाचकाला ‘महापुरें झाडें जाती, तेथें लव्हाळे वाचती’ हे आठवणे अगदी स्वाभाविक आहे, आणि समजावून सांगण्यासाठी याहून सोपी वाट नाही. झाड ताठ राहते म्हणून वाहून जाते, लव्हाळे वाकते म्हणून वाचते; मऊपणाची शक्ती दोन्हीकडे एकच आहे. परंतु तुकोबांचा अभंग लहानपण देवाकडे मागतो, आणि लाओत्से कोणाकडे काही मागत नाही. म्हणून हा अभंग लेखाच्या सुरुवातीला पुरावा म्हणून देऊ नये. जोडणी पूर्ण झाल्यावर साम्य आणि फरक दोन्ही दाखवण्यासाठी द्यावा. या जागी तो आणखी एक काम करतो. वाटाड्याचे मनोगत मागण्याच्या रूपात असल्यामुळे ते स्वरात लाओत्सेपेक्षा तुकोबांच्या जवळ जाते, आणि हे मराठी वाचकाला इतरांपेक्षा लवकर उमगते.

ताओला ब्रह्म म्हणणे मात्र टाळावे. दोन्ही संकल्पनांना आपापला संदर्भ आहे, आणि एका वाक्यात केलेले समीकरण दोघांवरही अन्याय करते.

९. लिहिण्याचा क्रम

लेखाची सुरुवात दृश्याने करावी, उताऱ्याने करू नये. आधी काय दिसते आणि काय ऐकू येते, मग समान क्रियापद, मग उतारा, त्यानंतर विरोधी पुरावा आणि शेवटी जोडी किती भक्कम आहे याविषयीचे स्वतःचे मत, असा प्रत्येक विभागाचा क्रम ठेवावा. तीन जोड्या एका लेखाला पुरतात. सात जोड्या घेतल्यास एकीलाही न्याय मिळत नाही. दिग्दर्शकाने ताओवाद वाचला होता की नाही, यावर युक्तिवाद अवलंबून ठेवू नये. ‘स्टॉकर’सारखा शब्दशः आधार असेल तिथे ‘उद्धृत केले आहे’ म्हणावे, ‘नौसिका’सारख्या ठिकाणी ‘जुळते’ म्हणावे, आणि हे दोन शब्द लेखभर एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

लेख पूर्ण झाल्यावर सर्व उतारे तात्पुरते काढून टाकून तो वाचावा. उरलेल्या मजकुरातून पाणी काय करते हे समजत असेल तर उतारे परत घालावेत; समजत नसेल तर तिसऱ्या टप्प्याच्या वहीकडे परत जावे. दृश्यांचे संदर्भ देताना मिनिटे आणि सेकंद यांवर विसंबू नये, कारण वेगवेगळ्या प्रतींत ती जुळत नाहीत. दृश्याच्या आधी काय घडते आणि नंतर काय घडते, हे लिहून त्याची जागा दाखवावी.